अर्धीच मागवलेली लायब्ररी

ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं बारीक, पण चूक दिसली की बोचायचीच. कंपनी श्रवणयंत्रं बनवायची आणि ती तिथं प्रोग्राम लिहायची. तळमजल्यावर लोकांचे कान तपासले जात. त्याचे आकडे एक्सएमएल फाइलीत येत, प्रत्येकाला आपापल्या नावाची खूण. टाचणीचा प्रोग्राम खूण बघून आकडा यंत्राच्या नेमक्या सेटिंगमध्ये बसवायचा. या बसवाबसवीसाठी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, मिळायची.

आज खाली खुर्चीत तिचे सासरे होते. "आता काय ऐकायचं राहिलंय माझं?" असं म्हणत कित्येक वर्षं टाळून, आज एकदाचे आलेले. आणि आजच प्रोग्रामनं मान टाकली.

तंत्रज्ञ धापा टाकत वर आला. "टाचणीबाई, तुमचे सासरे चपला शोधतायत! म्हणतात, आता गेलो की परत येणार नाही."

"लपवून ठेव चपला."

"कधीच ठेवल्यात."

टाचणीनं एरर वाचली आणि कपाळाला हात लावला. कालच तिनं जावाची, म्हणजे ज्या भाषेत ती प्रोग्राम लिहायची तिची, नवी आवृत्ती घातली होती. जुन्या जावाच्या पोटात ही लायब्ररी आयती असायची, नव्यात वेगळी मागवावी लागते. तिनं मागवली होती, पण अर्धीच: काम कसं व्हावं हे सांगणारा भाग आला, प्रत्यक्ष करणारा राहिला. प्रोग्राम तयार करताना कुणी हूं की चूं केलं नाही. चालवल्यावर कळलं, लग्नाची बोलणी सगळी झालीत, नवरदेवच आणलेला नाही!

तिनं राहिलेला भाग, आलेल्या भागाच्याच आवृत्तीचा बघून, मागवायच्या यादीत घातला. आकडे मुकाट जागेवर बसले. ती जिना उतरून खाली पळाली.

यंत्र सासऱ्यांच्या कानात चढलं होतं. "ओरडू नका हं," तंत्रज्ञ तिला म्हणाला.

"बाबा, ऐकू येतंय?" तिनं हळूच विचारलं.

सासरे तिच्याकडे बघतच राहिले. "हा तुझा आवाज?"

"हो. का?"

"मला वाटायचं, तू माझ्यावर सदा चिडलेली असतेस."

लग्न होऊन आल्यापासून ती या माणसाशी ओरडूनच बोलत आली होती.

"चिडत नव्हते हो, बाबा."

"ते कळलं आता. बोल की अजून काहीतरी."

मग एरवी जिभेला धार असलेल्या टाचणीनं हळू आवाजात लायब्ररीचीच हकीकत सांगायला घेतली. सासऱ्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तंत्रज्ञानं मध्येच काहीतरी विचारलं, तेव्हा त्याच्याकडे न बघताच ते म्हणाले, "थांब रे जरा. ती बोलतेय."