गंजावरचा उतारा

लोखंडी जाळ्या आणि फाटकांच्या कारखान्यात सगळे त्याला लाल्या म्हणत. लोखंड घासून, गंज चढू नये म्हणून त्यावर रेड ऑक्साइडचा पहिला हात मारायचं त्याचं काम. हात चांगला, पण तोंड फाटकं. मी सांगेन ती पूर्व दिशा! लाल्याचं मत नाही असा विषय जगात नव्हता, आणि त्यानं चूक कबूल केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. रंगाचा डबा सांडला तर जमीन वाकडी.

बायकोच्या घशात गाठ निघाली तेव्हा मात्र त्याचं काही चालेना. तिला रोज किरणांच्या उपचाराला न्यायचं आणि बाहेर बाकावर बसून राहायचं. नुसतं बसणं ही त्याला शिक्षाच. अशात औषधांच्या दुकानदारानं सांगितलं, "आपल्या शरीरालाही ऑक्सिजनमुळे आतून एक प्रकारचा गंज चढतो. पेशी बिघडतात, रोग होतात. या अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल तो थोपवतात."

झालं! गंज म्हणजे लाल्याचा घरचा विषय. एका हातानं भागत नसेल तिथे दोन मारावेत, या हिशेबानं तो बायकोला दुप्पट कॅप्सूल देऊ लागला.

"डॉक्टरांना एकदा विचारू या ना," ती म्हणाली.

"त्यांना काय विचारायचंय? माझा जन्म गेला गंजाशी झगडण्यात."

डॉक्टरीणबाईंनी आपणहून विचारलंही होतं, बाहेरचं काही चालू आहे का म्हणून. ती तोंड उघडायच्या आतच लाल्या म्हणाला, "छे, काही नाही!" अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. फक्त इथे हळकुंड त्याचं होतं आणि जीव तिचा.

उपचार संपले, तपासणी झाली. गाठ हवी तेवढी आक्रसलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी फोटो बाजूला ठेवला.

"खरं सांगा, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या वगैरे घेत होतात का? किरणं पेशींच्या आत एक प्रकारचा गंजच तर चढवतात. त्या माऱ्यानं गाठीतल्या पेशी मरतात. या गोळ्या चांगल्या पेशींना सांभाळतात, तशा गाठीलाही सांभाळू शकतात. त्यांच्यामुळेच झालं, असं मी ठाम म्हणणार नाही. पण पुढचं ठरवायचं तर मला कळायला हवं."

कारखान्यात मालकालाही न जुमानणारा लाल्या मूग गिळून बसला. एक वाक्य बोलायचं होतं, तेही बायकोच्या जिवासाठी. तेवढीही हिंमत या माणसात नव्हती.

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग बसक्या आवाजात म्हणाली, "घेत होते. मीच आणल्या होत्या. यांना ठाऊक नव्हतं."

मग डॉक्टरीणबाईंनी तिलाच झाडलं. अहो, जीव स्वतःचा आहे ना, एका शब्दानं विचारता आलं नाही का? ती मान खाली घालून ऐकत होती. शेजारच्या खुर्चीवर लाल्याही ऐकत होता.

बाहेर आल्यावर त्याला कंठ फुटला. "अगं, माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्ही घ्याल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "पण फार थांबायला आता वेळ कुठाय माझ्याकडे?"