सविताच्या दाराचं कुलूप

मंडळी, आज माझ्या हातून एक बाई यादीतून सुटता सुटता राहिली.

मी आरोग्य सर्वेक्षणासाठी सेनगाव तालुक्यात फिरते. एका घरी तिसऱ्यांदा गेले, तरी कुलूपच. तीन खेपांनंतर 'घर बंद' लिहून पुढं जायचं, असा नियम. मी पुटपुटत लिहूनही टाकलं.

तेवढ्यात शेजारच्या ओसरीवरून आजी म्हणाल्या, "बंद काहून लिहून राहिली? ऊसतोडीवरून आलेत ते मागच्या आठवड्यात. दिवसा हळद शिजवायला वावरात असतात."

वावरात गेले. कढईजवळ त्या घरची सविता भेटली, सात महिन्यांची गरोदर. म्हणाली, "तिकडं ऊसतोडीवर दवाखान्यात म्हणले, तुमचं नाव गावाकडं. गावात कोणी विचारलं न्हाई. बीपी एकदाबी मोजलं न्हाई माझं."

तिथंच बांधावर बसवून मोजलं. धाकधूक मलाच जास्त होती. बीपी बराबर निघालं, आणि माझा जीव भांड्यात पडला. उद्या ती तपासणीला येतेय. 'घर बंद' मी खोडलं.

आधीच्या दोन्ही खेपांना त्या आजी तिथंच बसलेल्या होत्या. मीच विचारलं नव्हतं. तुम्ही कुलूप बघून परत फिरता, की शेजारी विचारता?