मोहाखालची काळी वर्तुळं

जंगल वाचवा म्हणता, पण कोणापासून, हे तुम्ही जंगलातल्या माणसांना कधी विचारलं आहे का? मी विचारलं नव्हतं.

नाचणगावला आमच्या घरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. अक्षरं मी त्यांवरच शिकले. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, बोर नदीकडचं जंगल सरकारचं झालं, तरी साहेब लोकांची शिकार सुटली नाही. गोंड गावकरी डबे बडवत जनावरं हाकायचे आणि सांबरं बंदुकीपुढे यायची. एकदा ते पाहिलं आणि पत्रक लिहिलं. पहिलं कलम, शिकार बंद करा. दुसरं, इथे अभयारण्य करा. परतताना मोहाच्या झाडांखाली जमीन गोल जळलेली दिसली होती, म्हणून तिसरंही जोडलं: गावकरी जंगल जाळतात, त्यांना आत येऊ देऊ नका.

सह्या भरपूर मिळाल्या. कागद कचेरीत गेले आणि तीनपैकी तिसरंच कलम अमलात आलं.

पुढच्या चैत्रात त्या गोंडांच्या गावी गेले, तेव्हा नाकेदाराने, म्हणजे जंगलाच्या पहारेकऱ्याने, मोह वेचायला बंदी केलेली होती. एका गोंड म्हाताऱ्याच्या अंगणात टोपल्या पालथ्या पडल्या होत्या. पावसाळ्यात त्या घरात वाळवलेली मोहफुलंच शिजायची. त्याने शांतपणे समजावलं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. फुलं गळायच्या आधी भोवतीची जागा झाडून घ्यायची, म्हणजे आग पसरत नाही, आणि मग झाडाखालचा पाला जाळायचा.

"पाल्यात पडलेलं फूल दिसन कसं, बाई?"

आतून त्याची बायको बोलली, "थ्या बाईनं कधी मोह येचला काय? तिले का मालूम."

ते कलम माझंच, असं सांगून मी माफी मागितली.

"मले काऊन सांगून राह्यली? नाकेदाराले सांगजो," म्हातारा म्हणाला.

तशीच नाकेदाराकडे गेले. तो म्हणाला, छापलेलं तुमचंच आहे, तोंडी कसं ऐकू? ज्यांनी सह्या केल्या त्यांच्याकडून लिहून आणा. त्या वर्षीची फुलं अस्वलांनी खाल्ली.

पहिली दोन कलमं मी आजही मागे घेत नाही. पण तुम्ही त्या पत्रकावर सही केली असेल, तर एका कार्डावर लिहा की तिसरं कलम मला मान्य नाही, खाली तीच सही करा, आणि पुढचा मोह गळायच्या आत ते वर्ध्याच्या जंगल कचेरीत पाठवा.