चाचांनी दादाला रागवावं म्हणून

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बेचाळीस वर्षांचा. त्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाइतकीच राहील, असं डॉक्टरांनी आईला फार पूर्वी सांगितलं होतं. आईनं ते इतकं मनावर घेतलं, की त्याला कधी गॅसजवळ उभं राहू दिलं नाही. त्याच्या हातून काही सांडलं की ती 'असू दे' म्हणायची आणि स्वतः फडकं घेऊन यायची. वडील गेल्यावर मीही तेच करू लागले.

अमरावतीत आमच्या घरापासून स्कूटीनं दहा मिनिटांवर अशा मोठ्या माणसांची एक कार्यशाळा आहे. दादानं तिथं सहा वर्षं कागदी पिशव्या चिकटवल्या. मग कुणीतरी संस्थेला मोठा ओव्हन भेट दिला आणि तिथल्या मॅडमनी दर शनिवारी आठ जणांचा बेकरीचा गट सुरू केला. शिकवायला परतवाड्याहून एसटीनं एक चाचा येऊ लागले. त्यांनी चाळीस वर्षं बेकरी चालवली होती. आता ती त्यांची मुलं चालवत होती आणि मुलांना सल्ला नको होता. पहिल्या दिवशी मॅडमनी चाचांना अर्धा तास समजावलं, कुणाला मोठा आवाज सहन होत नाही, कुणाला फिट येते, कोण बोलतच नाही. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हात कोणाकोणाचे धुतलेले आहेत.

तिसऱ्या शनिवारी नानखटाई ओव्हनमध्ये असताना दादानं दार उघडून पाहिलं. तीनदा. मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. चाचांचा आवाज तिथपर्यंत आला.

"काहून उघडला बे? सांगतलं होतं ना तुले? पूरा माल बसला तुह्यापायी."

दादाला आयुष्यात कुणी 'बे' म्हटलं नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला. घरी आल्यावर त्यानं आईला सांगितलं, की माल त्याच्यापायी बसला, नानखटाई फुगलीच नाही. मग शेजारच्या काकूंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यालाही सांगितलं. त्याच्या मनाला केवढा धक्का बसलाय, असा मी त्याचा अर्थ लावला. सोमवारी मॅडमना फोन केला आणि आम्ही ऑफिसात टिपणी लिहितो त्या भाषेत तक्रार नोंदवली. मॅडमनी माफी मागितली आणि चाचांशी बोलते म्हणाल्या. दादाला काय वाटतं, हे मी दादाला विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्याच्या हातून मैद्याचं पातेलं पडलं. चाचा हळू आवाजात "असू दे, बेटा" म्हणाले आणि स्वतः झाडू घेऊन आले. दादानं त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. अॅप्रन सोडला, त्याची नीट चौघडी केली आणि बाहेर माझ्याशेजारी येऊन बसला.

त्यानंतरच्या शनिवारी तो स्कूटीवर बसायला तयार होईना. मी कारण विचारलं.

"चाचा माह्याशी बोलत नाई आता."

"बोलतात की. उलट किती प्रेमानं बोलतात."

"बाकीच्यायले रागावते," दादा म्हणाला. "मले नाई रागावत."

यातलं नेमकं काय समजून घ्यायचं, हे कळायला मला पुढचा जवळजवळ पूर्ण आठवडा लागला. शनिवारी मी दादाला घरी ठेवून एकटीच लवकर गेले. चाचा मैदा चाळत होते. तक्रार माझी होती, ती मी मागं घेते, आपण त्याला पूर्वीसारखं रागवत जा, असं मी त्यांना सांगितलं. असली विनंती कुणाला करावी लागेल, असं कधी वाटलं नव्हतं. चाचांची चाळणी थांबली नाही.

"ताई, असं सांगून राग येत नाई मले," ते म्हणाले. "त्याले घेऊन या. चुकला तं बोलीन, नाई चुकला तं काहून बोलू?"

मी दादाला घेऊन आले. त्या दिवशी तो अजिबात चुकला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मी बाकावर बसून त्याच्या चुकीची वाट पाहत होते.

तिसऱ्या खेपेला त्यानं पावाच्या पिठात मीठ घातलं नाही. पाव भाजून निघाल्यावर चाचांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा त्याच्या हातात दिला.

"खाऊन पाय. मीठ कुठी हाय?"

दादानं चावून पाहिलं आणि अळणी लागते म्हणाला.

"कोनं मळलं होतं?"

"म्या."

"मंग उभा काय राहिला बे? दुसरं पीठ घे."

दादानं दुसरं पीठ घेतलं. मळणं, फुगणं, भाजणं, सगळं पुन्हा. बाकीच्यांना न्यायला घरची माणसं आली आणि घेऊन गेली. मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी आईला फोन करून जेवून घ्यायला सांगितलं. चाचांनी मारलं की काय त्याला, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. चार वाजता पाव निघाले. चाचांची परतवाड्याची गाडी चुकली होती. त्यांनी एक पाव तोडून खाल्ला, "चालते" म्हणाले आणि पुढच्या गाडीसाठी निघून गेले.

उरलेले पाव दादानं घरी न्यायला पिशवीत भरले. स्कूटीवर मागे बसून त्यानं ती गरम पिशवी माझ्या पाठीला टेकवली. एप्रिल महिना होता. राजकमल चौकापर्यंत मी सहन केलं. मग गाडी बाजूला घेतली आणि पाठ भाजतेय, पिशवी नीट धर, असं त्याला खडसावून सांगितलं. त्यानं ती मांडीवर घेतली आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली.