दत्तोबाचे टीपकागद

दत्तोबाचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं. चाकणच्या कांदा बाजारात आम्ही दोघं यशवंतराव आडत्यांचे ट्रक चालवायचो. दोघांकडे एकेक जुनी गाडी. चालवायला मी त्याच्यापेक्षा सरस, पण कौतुक त्याचंच.

कारण काय, तर त्याचे टीपकागद. देहूरोडच्या लष्करी डेपोत असताना एका मिस्त्रीनं त्याला ही विद्या शिकवली होती. दर शनिवारी इंजिनात तेलाची पट्टी बुडवायची, थेंब टीपकागदावर सोडायचा, वाळला की खाली तारीख घालायची. मग हा पठ्ठ्या जुन्या कागदांशी डाग ताडून बघणार आणि सांगणार, "अजून दोन खेपा चालंल, मग तेल बदला." बाजारातले ड्रायव्हर कुंडली दाखवावी तसे त्याच्यापुढे कागद धरून उभे! मी नुसता जळायचो.

छप्पन साली मालकांनी नवा ट्रक घेतला. म्हणाले, "सोमवारी दोघांचे कागद बघतो. ज्यानं गाडी नीट राखली, त्याला नवी."

शनिवारी मी गुपचूप थेंब टाकला. काळ्या डागात बारीक कण चमकत होते. बेरिंग झिजत असल्याची ती खूण मी दत्तोबाच्याच तोंडून शंभरदा ऐकली होती. कागद टराटरा फाडून सीटखाली कोंबला, तेल बदललं, आणि सोमवारी नव्या तेलाचा स्वच्छ पिवळा डाग मालकांपुढे ठेवला.

दत्तोबाचा डाग काळा. "मालक, तेल काम करतं म्हनून काळं व्हतं," तो म्हणाला. मालकांना ते काही पटलं नाही. नवा ट्रक मला मिळाला. दत्तोबाची चांगली गाडी मालकांनी विकून टाकली आणि माझी त्याच्या गळ्यात मारली.

दुसऱ्या दिवशी मुंबईचा माल भरायचा होता. त्याआधी दत्तोबानं इंजिनातलं सगळं तेल काढलं आणि तळाचा गाळ बोटावर घेतला. बोट उन्हात चमकलं.

"बेरिंग गेलंय. बोरघाटात इंजिन जाम झालं असतं, मालक."

"मग हिंदुरावाला कसं नाही दिसलं?" मालकांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नव्या तेलात दिसत न्हाई," दत्तोबा म्हणाला. "त्यांची काय चूक न्हाई."

संध्याकाळी त्यानं माझ्या हातात कोऱ्या टीपकागदांची चवड ठेवली. "हिंदुरावभाऊ, नव्या गाडीचे पहिल्यापासनं ठेवा." चवडीत सगळ्यांत वर सीटखाली कोंबलेला माझा फाडलेला कागद होता, तुकडे जुळवून खळीनं नीट चिकटवलेला. तारखेची जागा तेवढी त्यानं मोकळी सोडली होती.

त्यानं मालकांना सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. मला निदान त्याचा राग तरी करता आला असता.