राणीसावरगावच्या तुतीची सहावी बाटली

धम्मशीला परभणीतल्या, बाटल्यांत रोपं वाढवणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये लागली ती काचेच्या बाटल्या धुवायला. बोरीहून रोज एसटीनं यायची. बघत बघत रोपाचा शेंडा कापायला शिकली, आणि अकरा वर्षांत तिथलं थंड कपाट तिच्याच हवाली झालं. त्यात चार अंशाला बाटल्यांतली रोपं वाढ थांबवून नुसती जीव धरून असायची.

मार्चमध्ये तिनं कपाट उघडलं. राणीसावरगावच्या तुतीच्या सहापैकी पाच बाटल्या बुरशीनं भरल्या होत्या. सहावीत तळाशी कापसागत ठिपका होता. तपासणी जानेवारीतच व्हायची होती. आईच्या दुखण्यात तिच्याकडूनच राहिली.

बोटभर लांब, काळ्या फळांची ही तुती तिथल्या म्हाताऱ्या धुरपताबाईंच्या शेताच्या बांधावर होती. गेल्या साली रस्त्याच्या रुंदीकरणात झाड गेलं. दुसरं कुठं सापडलं नव्हतं.

"सगळ्या न उघडताच उकळायला टाका," लॅबचे प्रमुख रंगनाथ सर म्हणाले. "एक उघडली तर बुरशी उडून बाकीच्या रोपांना धोका."

नियम बरोबर होता. नव्या पोरींना तीच तो शिकवायची.

"सर, सहावीत बुरशी तळाशीच आहे, वरचे शेंडे काढू द्या. दिवसाचं सगळं काम झाल्यावर. खोली मी धुऊन काढते."

सरांनी बाटली फिरवून तळाचा ठिपका बघितला. "एकदाच," ते म्हणाले.

ज्योतीवर तापवलेली सुरी निवेपर्यंत तिनं कोपर टेबलाला टेकवून ठेवलं. श्वास रोखून तिनं मोहरीहून लहान तीन शेंडे उचलले आणि तीन नव्या बाटल्यांत ठेवले.

तिसऱ्या दिवशी एकीत बुरशी आली. पाचव्या दिवशी दुसरीत.

"जेवण का जायना तुला?" नवऱ्यानं, सिद्धोधननं विचारलं.

"एकच राहिलीय," ती म्हणाली.

ती एक मात्र स्वच्छ राहिली. महिन्यानं तिच्यात दोन पानं फुटली.

धुरपताबाई चौकशीला आल्या तेव्हा धम्मशीलानं काहीच लपवलं नाही. "मावशी, चूक माझी हाय. मी वेळेवर बघितलं न्हाई."

म्हातारीनं बाटली उजेडात धरली. "झाड पाडलं त्या दिशी मी लेकीकडं गंगाखेडला होते," ती हळूच म्हणाली. "अडवायला कोणीच नव्हतं."

मग दोघी खिडकीपाशी बसून त्या दोन पानांकडं बघत राहिल्या.