पऱ्हाटीच्या निखाऱ्यांवरचं भरीत

पारोळ्याजवळच्या एका डाळमिलमध्ये माझे वडील, आबा, गॅसिफायर चालवायचे. कपाशी वेचून झाली की उरलेल्या पऱ्हाट्यांचे तुकडे उंच लोखंडी टाकीत टाकायचे आणि हवा मोजकीच सोडायची. मग पऱ्हाटी धड पेटत नाही, तिचा वायू होतो आणि त्यावर इंजिन चालतं. यंत्र बसवायला आलेले साहेब म्हणाले होते, काही देशांत तेल मुरलेल्या दगडाचाही असाच वायू काढतात. आबांना त्या दगडाचंच नवल. या वायूतल्या विषाला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो, असंही साहेबांनी बजावलं होतं. तेव्हापासून मला त्या टाकीची धडकी भरायची. आबा मात्र टाकीपाशी कधी गाफील राहिले नाहीत.

पण भरताच्या वांग्यापुढे आमच्या खानदेशी माणसाची अक्कल चालत नाही. वांगं पऱ्हाटीवरच भाजलं पाहिजे! त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी बाहेर वारा सुटला होता, म्हणून आबांनी टाकीच्या तळातले निखारे घमेल्यात काढले, मिलच्या मागच्या खोलीत नेले आणि दार लावून घेतलं. टाकी तेवढी धोक्याची, निखारे आपले घरचेच, असं त्यांना वाटलं.

मी घरून कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी घेऊन पोचले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. वांगी एका बाजूने करपली होती.

"आबा, उठा!"

"डोकं जड पडी गये," ते पुटपुटले. "बाहेर वारा शे. दार लाव."

साहेबांनी सांगितलेलं ते बिनवासाचं विष या निखाऱ्यांतूनही निघत होतं, हे मला तेव्हा कळलं. काखेत हात घालून त्यांना कसंबसं बाहेर ओढलं, हमालांना हाका मारल्या. मिलच्या जीपमधून आम्ही धुळ्याकडे निघालो. त्यांचे डोळे मिटत होते. मिटले तर उघडायचे नाहीत, या धास्तीने मी सुचेल ते विचारत सुटले.

"आबा, भरताला मिरच्या किती?"

"मूठभर."

"कांद्याची पात कधी घालायची?"

मी त्यांना हलवलं, पुन्हा विचारलं. ड्रायव्हरने एकदा मागे पाहिलं आणि गाडी जोरात हाणली. मी इतकी घाबरले होते की रडूही येईना.

"आबा, पात?"

त्यांचे ओठ हलले. "कितलं इचारस, माय... तुले भरीत येस ना करता."

"नाही येत," मी साफ खोटं बोलले. "पहिल्यापासून सांगा."

दवाखान्याच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा ते लसणापर्यंत आले होते.